चेंबरखालचा पत्रा

गाडीच्या पोटाखाली उताणं पडलं की वर काय दिसतं, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला ठाऊक नव्हतं. मला होतं. काळ्या तेलानं माखलेलं लोखंड, त्यावर बसलेली लाल धूळ, नेमका भुवईवर टपकणारा एखादा थेंब, आणि कडेला, उजेडात, तात्यांचे अनवाणी पाय. त्या पायांवरून मला तात्यांचा विचार कळायचा. काम जमत असलं की ते टाचांवर डुलत उभे राहायचे. जमत नसलं की उजव्या पायाचा अंगठा मातीत रुतवायचे. माझ्या मैत्रिणी सुट्टीत भरतकाम करायच्या तेव्हा मी खळ लावून चिकटवलेली वर्तमानपत्रं हातात धरून एका जुन्या मिलिटरी जीपखाली पडलेली असायची आणि कोळशानं कागदावर तिच्या पोटाचा आकार उतरवून घ्यायची.

तात्या म्हणजे माझे वडील. भोरच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागून चार बांबूंवर पत्रे टाकून त्यांनी दुकान मांडलं होतं, आणि दुकानामागेच आमचं दोन खोल्यांचं घर होतं. तरुणपणी भाटघरला धरणाच्या दारांची दुरुस्ती निघाली तेव्हा ते मजुरीला गेले आणि एका म्हाताऱ्या वेल्डरचं सामान वाहता वाहता गॅसचं काम शिकून आले. शाळेत ते कधी गेले नव्हते. माप घ्यायचं तर दोरीला गाठी मारायच्या, आणि कुठली गाठ कशाची हे डोक्यात ठेवायचं. गॅस तयार करायला कार्बाइडच्या टाकीत पाणी सोडलं की ती गुडगुडायला लागायची आणि नासक्या लसणासारखा वास थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "आवो, आमी जेवायचं का वास घिऊनच पोट भरायचं?" तात्या काळ्या काचांचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "वासाला कालवण लागत न्हाई, बरं हाय की." मग आम्ही हसायचो. आमच्या घरात हसणं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

जीप बापूसाहेबांची होती. बापूसाहेब हिरड्याचे व्यापारी. वेल्ह्याच्या अंगाला खोऱ्याखोऱ्यांत त्यांची माणसं हिरडा गोळा करायची आणि तो भोरच्या त्यांच्या वखारीत यायचा. लिलावात घेतलेली ती जीप म्हणजे त्यांचा रुबाब होता. पण तिकडचे रस्ते म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मध्ये उभे दगड, आणि ओढ्यात उतरताना अख्खा कातळ. जीपच्या इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला सगळे चेंबर म्हणतात. त्या एका पावसाळ्यानंतर ते दोनदा फुटलं. दोन्ही वेळा बापूसाहेब भर उन्हात कोस-दीड कोस चालत आले, आणि तालुक्यात त्याची चर्चा झाली. चर्चा त्यांना फुटक्या चेंबरपेक्षा जास्त लागली असावी. ते स्वतः आमच्या दुकानापाशी आले. वयानं तात्यांपेक्षा लहान, पण ते तात्यांना नावानंच हाक मारायचे.

"दगडू, हिच्या पोटाला कायमचं काहीतरी बांध. पुण्यात मिळत नाही, मी विचारून आलोय."

"बगतो, बापूसायेब. दोन दिस गाडी हितं ठिवा."

तात्यांनी आधी पत्र्याचा शोध घेतला. डांबराच्या पिंपाचा पत्रा पातळ, तो दगडाखाली पापडासारखा मोडला असता. शेवटी शिवऱ्याच्या एका गुऱ्हाळातली फुटकी काहील मिळाली. गूळ आटवायची ती भलीमोठी कढई, तिचा तळ जाड आणि वर्षानुवर्षं आगीवर राहून चिवट झालेला. तात्या तिला गॅसची ज्योत लावायचे तेव्हा लोखंडात मुरलेला गूळ जळायचा आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "तात्या, आज काय पाक धरलाय का?" मी कागदावर उतरवलेला आकार काहिलीच्या तळावर ठेवून तात्यांनी खडूनं रेघ मारली. छन्नी आणि घणानं पत्रा तोडला, भट्टीत लाल केला आणि रुळाच्या तुकड्यावर ठोकून वळवला. आडवा आधार म्हणून ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे जोडले.

पहिला गार्ड, म्हणजे चेंबरखाली बसवायचं ते कवच, त्यांनी स्वतःच्या मनानं केला, तो अखंड नव्हता. बोटभर अंतर सोडून जाड पट्ट्या एकाशेजारी एक, बैलगाडीच्या साट्यासारख्या. बापूसाहेबांच्या निवृत्ती ड्रायव्हरनं जीप खोऱ्यात फिरवून आणली. चेंबर शाबूत होतं, पण एका टोकदार दगडानं दोन पट्ट्यांमधून आत घुसून त्याला पोचा पाडला होता. तात्यांच्या मते अडचण सोपी होती. अखंड पत्रा घ्यायचा आणि त्याला ओळीनं अंगठ्याएवढी भोकं पाडायची. पत्रा कापून, वळवून तयार झाला, भोकांच्या जागी त्यांनी खडूच्या खुणाही केल्या. तेवढ्यात बापूसाहेब आले. पत्र्याकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आधी पट्ट्या, आता भोकं. अरे, ही गाडी आहे की पिठाची चाळण? बंद कर सगळं."

"वारा लागाया पायजे, बापूसायेब. वरनं सायलेन्सरची नळी गेलीया, ती लई तापती. आन् आत काय शिरलं तर खाली पडाया वाट पायजे."

"वाट ठेवलीस म्हणून तर दगड आला." मग ते माझ्याकडे वळले. मी कागदाच्या घड्या घालत होते. "काय गं शकुंतला, यंदा मॅट्रिकला ना तू? तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं इतकं जायचं होतं. पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात गरीब मुलींना जेवणासकट ठेवून घेत, पण ओळखीच्या माणसाची चिठ्ठी लागायची, आणि त्या संस्थेच्या मंडळींत बापूसाहेबांची ऊठबस होती. चिठ्ठी देईन, असं ते त्याच आठवड्यात तात्यांना म्हणाले होते. आमच्या वस्तीतून तोवर कुणी मुलगी मॅट्रिकलाही बसली नव्हती. चिठ्ठी मिळाली नाही तर माझं काय होणार हे मला माहीत होतं, कारण आईच्या माहेरचे लोक उन्हाळ्यात मुलगा दाखवायला येणारच होते.

मला त्या पत्र्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण मी उभी राहिले आणि वर्गात उत्तर द्यावं तसं बोलले, "अखंड पत्राच मजबूत असतो. भोक पाडलं की त्या जागी तो कमकुवत होतो."

"बघ!" बापूसाहेब खूश होऊन म्हणाले. "शाळेचा उपयोग असा असतो, दगडू."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिथं कौतुक होतं. त्या संध्याकाळी सुकटीच्या कालवणाशी भाकरी खाताना ते आईला सांगत होते, "आपली शकू सायबाम्होरं बोलली. शास्त्रातलं. जरा बी अडखळली न्हाई."

"आन् तुमी? एवडी वर्सं लोखंड कुटताय, तुमास्नी काय कळत न्हाई व्हय?"

"तिला जास्त कळतंय. म्हून तर शिकिवतोय."

दुसऱ्या दिवशी खडूच्या खुणा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पत्रा तसाच बंद ठेवला. कडा वर वळवल्या, परातीसारख्या. तेल सोडायला तेवढं एक भोक ठेवलं, त्यालाही झाकण.

आता इतक्या वर्षांनी, परवा भाच्याच्या नव्या गाडीसाठी त्याच्याबरोबर पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथं भिंतीवर तयार गार्ड टांगले होते. ओळीनं भोकं, अंगठ्याएवढी. मी एका भोकात बोट घालून उभी राहिले. दुकानातला मुलगा धावत आला आणि मला समजावून सांगू लागला, "मॅडम, ती भोकं डिझाईनसाठी नाहीत. हवा खेळती राहते, कचरा अडकत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." भाचा हसला. मावशीला गाड्यांतलं काय माहीत असणार, असं त्याला वाटलं असेल.

बंद पत्रा लावलेली जीप दोन महिने झकास चालली. निवृत्ती परत आला की आधी खाली वाकायचा आणि पत्र्यावरचे ओरखडे मोजून दाखवायचा. बापूसाहेब वखारीत आलेल्या पाहुण्यांना वाकायला लावून गार्ड दाखवायचे. "भोरात बनवलाय," म्हणायचे. कुणी बनवलाय ते नाही सांगायचे. तरी लोकांना कळायचं ते कळलं. दोन ट्रकवाले आणि आंबवड्याचा एक ट्रॅक्टरवाला तात्यांकडे कामं घेऊन आले. आम्ही बौद्ध झाल्यापासून दसऱ्याला तात्या हत्यारांना झेंडूच्या माळा घालत नसत, नुसतं तेलपाणी करून ठेवत, त्यावरून जी माणसं टोमणे मारायची तीही आता बाकड्यावर बसून चहा प्यायची. आईनं तेवढ्यासाठी नवे कप आणले होते.

तात्या मात्र निवृत्तीला दर खेपेला बजावायचे. "काय बी आत अडकू दिऊ नगंस. गवत, पाला, काय बी. थांबून हातानं काडायचं."

"तात्या, येवडं माज्या बायकूनं सांगितलं आसतं तर म्या तिला म्हायेरी धाडली आसती," निवृत्ती म्हणायचा. पण काढायचा.

मग कुळीथ निघाला. तिकडच्या वाड्यांत तेव्हा एक पद्धत होती, अजूनही कुठं कुठं आहे. काढलेले कुळथाचे वेल वाळवून रस्त्यावर पसरायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाडीच्या चाकांखाली मळून घ्यायचे. बैल फिरवायचे कष्ट वाचतात. त्या रस्त्याला गाडी म्हणजे बापूसाहेबांचीच. तिची वेळ झाली की बाया रस्त्याकडेला उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "ए निवरुत्ती, येकदा मागं घे की रं बाबा, आन् परत म्होरं!" निवृत्ती गाडी मागेपुढे करायचा. बापूसाहेबांना ते आवडायचं. गाडीत बसल्या बसल्या ते रामराम घ्यायचे.

त्या दिवशी त्यांना कुठंसं लवकर पोचायचं होतं. तीन वाड्या झाल्या, तीन ठिकाणी कुळीथ मळून दिला, आणि निवृत्ती अडकलेले वेल काढायला दोनदा खाली उतरू लागला तेव्हा बापूसाहेबांनी त्याला बसवलं. "नंतर कर रे ते." कुळथाचे वेल चिवट, दोरीसारखे. ते पुढच्या फटीतून आत ओढले गेले आणि परातीसारख्या त्या पत्र्यात तापलेल्या नळीखाली गच्च भरत राहिले. खाली पडायला वाट नव्हती. चढ लागला, इंजिन तापलं. निवृत्ती पुढं सांगायचा की आधी कुळीथ भाजल्याचा खमंग वास आला, आणि बापूसाहेब म्हणाले, "कुणाच्या तरी घरी कुळथाचं माडगं शिजतंय." मग पायाखालून धूर आला. बापूसाहेब उडी टाकून लांब गेले. निवृत्ती गाडीखाली शिरला आणि पेटलेले वेल हातांनी ओढू लागला. पेट्रोलच्या नळीनं पेट घेतला तेव्हा वाडीतल्या माणसांनी त्याला पाय धरून बाहेर काढलं.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून चालत तिकडं गेले. शाळा बुडवून मीही त्यांच्याबरोबर गेले. रस्त्याच्या कडेला जीपचा काळा सांगाडा उभा होता. टायर जळून गेल्यामुळे ती जमिनीवर बसल्यासारखी दिसत होती. तात्या तिच्याभोवती एकदा फिरले, मग आडवे होऊन त्यांनी खाली हात घातला आणि पत्र्याच्या तळावर बोटांनी टकटक केलं. सगळ्या गाडीत तेवढा पत्राच काय तो धड राहिला होता. "चांगला झाला हुता," ते म्हणाले. एवढंच.

निवृत्ती दवाखान्यातून घरी आल्यावर बापूसाहेबांनी आम्हाला वखारीत बोलावलं. ते गादीवर, तक्क्याला टेकून. तालुक्यातली पाच-सहा मोठी माणसं त्यांच्या शेजारी. तात्या आणि मी खाली पायरीपाशी. निवृत्ती दाराला टेकून उभा, उजव्या हाताला मोठं बोचकं बांधावं तसं बँडेज. बापूसाहेबांच्या पुढ्यात लिहिण्याचं मेज होतं आणि त्यावर एक बंद पाकीट. त्यावर माझं नाव होतं, मला ते पायरीवरून वाचता येत होतं.

"गाडी गेली ते गेलं," बापूसाहेब म्हणाले. "माझा जीव जाणार होता. मंडळी विचारतात, पत्रा असा बंद करायला सांगितला कुणी?"

वखारीत हिरड्याचा तुरट वास होता. निवृत्ती आपल्या हाताकडे बघत होता.

"शकुंतला, तू तिथं होतीस. तू सांग."

ते माझ्याकडे बघत होते. चेहरा शांत होता. मी खरं सांगितलं असतं तर ते एका ओळीचं होतं. तुम्ही सांगितलंत, आणि मी तुमची री ओढली. मी तोंड उघडलं, हे मला नक्की आठवतं. पण त्यातून काय निघणार होतं हे मला आजही माहीत नाही, कारण त्याआधी तात्या बोलले.

"तिला काय इचारताय, ती ल्हान हाय. पत्रा माजा. म्याच बंद केला."

"म्हणजे मी सांगितलं नव्हतं."

"न्हाई. तुमी न्हाई."

"आणि मुलीनं?"

"तिनं बी न्हाई. माजीच अक्कल."

"ऐकलंत सगळ्यांनी," बापूसाहेब म्हणाले. मग त्यांनी पाकीट उचललं. "बापाची चूक मुलीवर काढणारा मी नाही. घे. नीट शिक."

तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं. मी पायरी चढून गेले, वाकून नमस्कार केला आणि पाकीट घेतलं.

त्यानंतर तात्यांकडे गाडीचं काम आलं नाही. ट्रकवाले रस्ता तोच असूनही न थांबता जायला लागले. बाजारात पोरं त्यांना 'आगलाव्या दगडू' म्हणू लागली. वर्षभरानं त्यांनी कार्बाइडची टाकी विकली आणि विळे, खुरपी, पहारीची टोकं असं काम करू लागले. तेही वस्तीतल्या लोकांचंच. आईनं ते नवे कप फडक्यात गुंडाळून वर ठेवून दिले. तिनं मला शब्दानं दोष दिला नाही. पण मी पुण्याहून सुट्टीला यायची तेव्हा ती माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायची.

पुण्याला निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर निवृत्ती भेटला. बापूसाहेबांनी त्याला वखारीवर राखणीला ठेवलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली होती. "शकू," तो म्हणाला, "म्या बोललो न्हाई, माज्या पदरात चार लेकरं हायती. तुजं काय अडलं हुतं?" ट्रंक त्यानंच डाव्या हातानं उचलून टपावर चढवली.

मी कृतघ्न नाही. वसतिगृहात मला दोन वेळचं जेवण मिळालं, वाचायला विजेचा दिवा मिळाला, आणि माझ्या ताटापासून कुणी आपलं ताट लांब सरकवलं नाही. आज माझ्यापाशी जे काही आहे ते त्या चिठ्ठीमुळे आहे. बापूसाहेबांनी ती दिली नसती तर मी कुणाला दोष दिला असता? हा विचार मी पुष्कळदा केला आहे. दर वेळी शेवटी मला निवृत्तीची बोटं दिसतात आणि मी तो सोडून देते.

बी.ए. झाले तेव्हा भोरच्या शाळेत माझा सत्कार झाला. बापूसाहेब अध्यक्ष. त्यांनी भाषणात सांगितलं की या मुलीतला गुण त्यांनी तिच्या लहानपणीच ओळखला होता. टाळ्या झाल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी चार दिवस भाषण पाठ केलं होतं. मी शाळेचे आभार मानले, गुरुजनांचे मानले, वसतिगृहाच्या बाईंचे मानले, आणि ज्यांच्या आधाराशिवाय मी इथं उभी राहिले नसते त्या बापूसाहेबांचे मानताना माझा आवाज खरोखरच भरून आला. तात्या अगदी मागं, दारापाशी, धुतलेल्या धोतरात उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी ते बसले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो. ऊन उतरलं होतं. शाल माझ्या खांद्यावर, नारळ त्यांच्या हातात. त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "बरं बोललीस. भाषनात माजं नाव घेतलं न्हाईस, त्ये बेस केलंस. बापूसायबास्नी उगा आठवन झाली आसती, आन् मंग तुज्या नोकरीच्या येळंला…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "म्हूनच ना?"

"व्हय तात्या," मी म्हटलं. "म्हूनच."

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं. खरं तर मी काही विचार करून त्यांचं नाव गाळलं नव्हतं. चार दिवस भाषण लिहिताना ते मला सुचलंच नव्हतं.